ओवीच्या दोन इनिंग

फोर्ट, बुधवार, दुपार

प्रिय किर्ती,

पाकीट बघून तुला हसू येईल. कफ परेड ते गिरगाव अंतर ते किती, आणि ही बाई पत्र लिहितेय! पण तुझा फोन संध्याकाळी ओवीच्या हातात असतो आणि दिवसा तू बाजारात असतेस, तिथे तुला धड बोलता येत नाही. शिवाय गेल्या तीन आठवड्यांत मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तू 'गिऱ्हाईक आहे गं, नंतर करते' म्हणालीस. मार्गशीर्ष चालू आहे, निम्मं गिरगाव मासळीला हात लावत नाही. तुझ्याकडे एवढं गिऱ्हाईक कुठून आलं, ते मी विचारलं नाही. म्हणून ऑफिसात डबा लवकर आटपून लिहायला बसलेय. जाताना हे राधामावशीकडे देईन. तुझी आई पाकीट फोडणार नाही, पण आत काय आहे ते मला तीनदा विचारेल.

आधी इकडची खबर. फायनलचा कप अजून माझ्याच घरी आहे, टीव्हीच्या बाजूला. मंडळाच्या कपाटाची किल्ली सापडत नाहीये. येणारा-जाणारा विचारतो, 'अरे वा, सॉफ्टबॉल? म्हणजे बेसबॉलच ना?' मग मी सांगत बसते, चेंडू मोठा असतो, हात खालून फिरवून टाकतात, मुंबईत मुली किती वर्षं खेळतात. तुझंही नाव सांगते. तेराव्या वर्षी तू टाकलेला चेंडू पकडताना आपल्या कॅचरचा तळवा सुजायचा, हे सांगताना मला अजून मजा येते. कपाबद्दल मात्र मी फार बोलत नाही.

मला परवा अचानक ती दादरची मॅच आठवली. तुला आठवते का? आपण आठवीत होतो. तू संघाची पिचर, आणि मी संघाची पाणी देणारी, स्कोअर लिहिणारी, बॅटी मोजून पिशवीत भरणारी. चार वर्षांत मी सगळी मिळून पाच-सहा वेळा बॅट धरली असेन. गणपत सर वाईट नव्हते गं. त्यांना जिंकायचं होतं, आणि मला घेऊन जिंकता येत नाही हे त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. त्या दिवशी आपण सात रनांनी पुढे होतो, तरी सरांनी मला घेतलं नाही. तेव्हा तू बुटाची लेस सोडून बेंचवर माझ्याशेजारी येऊन बसलीस आणि सरांना म्हणालीस, 'दीपी खेळली नाही तर माझा हात दुखतोय, सर.' सर लालबुंद झाले. मग म्हणाले, 'जा गं, राइट फील्डला उभी राहा, आणि कशाला हात लावू नकोस.' दोन इनिंग मी त्या लांबच्या कोपऱ्यात उभी होते, माझ्याकडे एकही चेंडू आला नाही. बॅटिंगला गेले तर समोरच्या पिचरने चार चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर टाकले आणि नियमाप्रमाणे मला चालत पहिला बेस मिळाला. मी काहीच केलं नव्हतं. पण पहिल्या बेसवर उभं राहून मैदान बघितलं, तर ते बेंचवरून दिसतं तसं नव्हतंच. पुढची मुलगी आउट झाली आणि मी परत आले. तेवढंच. पण माझं उरलेलं शाळेचं वर्ष त्यावर निघालं.

तू पुढे मुंबईकडून खेळलीस, राज्याच्या शिबिराला गेलीस. मग तुझे बाबा आजारी पडले आणि तुला मासळीच्या धंद्यात बसावं लागलं. मी कसलीच खेळाडू नव्हते, तरी रविवारी सकाळी मुलींना शिकवायला लागले. लोकांना ते विचित्र वाटलं. तुला नाही वाटलं. तूच तुझा जुना ग्लोव्ह आणून दिलास आणि म्हणालीस, 'तुला खेळता येत नाही म्हणून तुला शिकवता येईल. मला विचारलं तर मी सांगेन, टाक की, त्यात काय!' अगदी खरं होतं ते.

चार वर्षांपूर्वी मी नियम केला, तेव्हा मनात तू ती लेस सोडून बसलेलीच होतीस. संघात आली ती प्रत्येक मुलगी प्रत्येक मॅचमध्ये निदान दोन इनिंग मैदानावर उतरणार आणि एकदा तरी बॅट धरणार. मॅच कुठलीही असो. पालकांच्या सभेत काय गोंधळ झाला होता, ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. नूपुरचे वडील, हेमचंद्र, उभे राहून म्हणाले, 'मॅडम, हा काय सार्वजनिक गणपती आहे का, आला त्याच्या हातावर प्रसाद?' सगळे हसले. मीही हसले. पण नंतर त्यांनी हळू आवाजात जे विचारलं, ते मला लागलं. नूपुर रोज शाळेआधी गच्चीवर दीडशे चेंडू टाकते. तिच्या मेहनतीचं मोल एखाद्या मुलीच्या हातून सुटलेल्या कॅचएवढंच का? मी एवढंच म्हटलं की नूपुर पाचातल्या तीन इनिंग टाकेल, आणि तीन इनिंगमध्ये तिला जे दाखवायचं ते दाखवू दे. त्या वर्षी आपण नियमामुळे दोन मॅच हरलो. दोन्ही वेळा ते मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. नूपुरला मात्र त्यांनी कधी काढून नेलं नाही, हेही सांगायला हवं.

आणि मग तुझी लेक आली, ओवी. तू तिला पहिल्या दिवशी घेऊन आलीस तेव्हा सगळ्या मुली बघायला लागल्या होत्या, कारण किर्ती म्हणजे कोण ते मी त्यांना ऐकवून ऐकवून पाठ करून घेतलं होतं. ओवीने पहिला चेंडू डोळे मिटून पकडायचा प्रयत्न केला आणि तो तिच्या खांद्याला लागला. तू मान फिरवून मोबाइल बघायला लागलीस. मला ते दिसलं होतं, किर्ती. पण ओवीने खांदा चोळला आणि म्हणाली, 'अजून एक टाका, ताई.' दोन वर्षांत ती फार सुधारली नाही, खरं ते खरं. तिचा थ्रो दुसऱ्या बेसपर्यंत पोचत नाही. चेंडू उंच उडाला की ती अजून दोन पावलं मागे जाते. पण कफ परेडहून बस पकडून येते आणि मैदानाजवळ राहणाऱ्या लालबागच्या मुलींच्या आधी पोचते. कुठली मुलगी कुठल्या चेंडूला फसते, ते तिला माझ्याआधी कळतं. आणि या वर्षी पावसाळा संपल्यापासून ती डोळे उघडे ठेवते. तुला हे कोणी सांगितलंय का? ऑक्टोबरपासून एकदाही मिटलेले नाहीत.

सेमीफायनलला तिच्या हातून तो कॅच सुटला आणि दोन रन गेले. आपण तरी जिंकलो. पण तुझ्या मागे आपल्या वेळच्या दोघी-तिघी उभ्या होत्या आणि त्यातली एक म्हणाली, 'ही किर्तीची पोर?' ती हळू बोलली असं तिला वाटलं असेल. मला डगआउटमधून, आमच्या बाकावरून, तुझा चेहरा दिसत होता.

म्हणून त्या शुक्रवारी संध्याकाळी तू खोताच्या वाडीशेजारच्या माझ्या घरी आलीस, तेव्हा मला आधीच काहीतरी कळलं होतं. तू बसली नाहीस. हातातली बोंबलांची पिशवी दाराशी ठेवलीस आणि उभ्या उभ्या म्हणालीस, 'दीपे, उद्या तिला घेऊ नकोस. फायनल आहे. सगळं दादर येणार, परळ येणार. तिच्या हातून काही झालं तर पोरी तिला वर्षभर ऐकवतील. तू काहीही कारण सांग. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.' मी म्हटलं, 'अगं, पण नियम?' तू म्हणालीस, 'नियम तुझाच आहे ना?' आणि मी 'बरं' म्हटलं. चहासुद्धा न घेता तू गेलीस. सगळं मिळून पाच मिनिटं लागली नसतील.

फायनलला तू आली नाहीस, तेव्हा काय झालं ते ऐक. तिसऱ्या इनिंगला ओवी येऊन विचारून गेली, 'ताई, माझं कधी?' मी म्हटलं, 'थांब जरा.' चौथ्या इनिंगला तिने स्वतःच हेल्मेट घालून ठेवलं, मला आठवण राहावी म्हणून. लक्ष्मी तिच्यापेक्षा दुबळी बॅटर, तिला मी पाठवलं. बाकीच्या सगळ्यांना त्यांच्या दोन-दोन इनिंग दिल्या. पाचव्या इनिंगला आमचे सहा रन होते, दादरचे पाच. मी ओवीकडे बघायचंच टाळत होते. थोड्या वेळाने शेजारून आवाज आला, 'नूपुर, बाहेरचा टाक, ती आत येतेय!' हेल्मेट काढून जागेवर ठेवलेलं होतं आणि ओवी जाळीला नाक लावून ओरडत होती. नूपुरने बाहेरचा टाकला. ती बॅटर आउट झाली, आणि आपण जिंकलो.

फोटोत ओवी आहे, डावीकडून तिसरी. नीट हसतेय. हेमचंद्र माझ्याकडे आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, 'मॅडम, शेवटी तुम्हालाही पटलं.' चार वर्षांत त्यांनी माझ्याशी पहिल्यांदा इतक्या प्रेमाने हात मिळवला आणि मी तो सोडवून घेतला. मागून नूपुर आली. घामाने चिंब, गळ्यात मेडल. ती म्हणाली, 'ताई, ओवीची बॅटिंग राहिली. मी तीन इनिंग टाकून झाल्यावर बसायला तयार होते.'

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ओवी सगळ्यांच्या आधी आलेली. शर्ट धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून आणला होता. म्हणाली, 'ताई, मी स्कोअर लिहायला येत जाईन. मला आवडतं ते. खेळायला दुसरी कोणी बघा.' रडली नाही, रुसली नाही. कारणसुद्धा विचारलं नाही तिने. मी कारण तयार करून ठेवलं होतं, की मॅच अटीतटीची झाली. तिने विचारलं असतं तर मी ते सांगितलं असतं आणि कदाचित सुटले असते. मी 'बरं' म्हटलं. किर्ती, तिच्या वयाची असताना मीही स्कोअर लिहायला 'आवडतं' असंच सांगायचे.

त्यानंतरचे रविवार सांगण्यासारखे नाहीत. लक्ष्मीने यायचं सोडलं. घरी फोन केला तर म्हणाली, 'ताई, नियम साध्या मॅचपुरता असतो ना, मग मोठ्या मॅचला मलाही बसवाल.' आणखी दोघी चेंडू आला की आधी माझ्याकडे बघायला लागल्या. पूर्वी चुकल्या तर हसायच्या, आता चुकल्या की माझा चेहरा बघतात. चार वर्षं लागली होती ते हसू यायला.

मी स्वतःला समजावत होते की मी तुझं ऐकलं. मैत्रीण दारात आली, आई म्हणून बोलली, मी कशी नाही म्हणणार? पण ते खरं नाही. तू पायऱ्या उतरत होतीस तेव्हा मला काय वाटलं ते तुला सांगते, कारण हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. ओवी नसेल तर राइट फील्ड सुरक्षित, आणि दोष माझ्यावर नाही. आयुष्यात एकदा मला तो कप हवा होता. ज्या गणपत सरांवर मी मनातून इतकी वर्षं रागावले, त्यांनी निदान कोणाला नियम सांगून फसवलं नव्हतं. तू मागितलंस, पण मी दिलं ते तुझ्यासाठी नाही.

आणि तुझ्याबद्दलही एक बोलू? तुला ओवीची लाज वाटते असं लोक म्हणतील, मी म्हणणार नाही. मी तुला ओळखते. कोणी तिला हसलं तर तुला ते सोसत नाही, एवढंच आहे ते. पण तू कधी बेंचवर बसलीच नाहीस गं. म्हणून तुला वाटतं की सगळ्यांसमोर चेंडू सुटणं, याहून वाईट काही नाही. मी बसलेय, म्हणून सांगते. चेंडू सुटतो, चार दिवस लोक बोलतात, पाचव्या दिवशी विसरतात. आपल्या हातून तो सुटणारच, हे आपल्या माणसांनी आपल्याला न विचारता आधीच ठरवून टाकलंय, हे कळणं जास्त वाईट. ते विसरायला होत नाही.

परवाच्या रविवारी मी सगळ्या मुलींना गोल करून बसवलं. लक्ष्मीलाही घरून बोलावून आणलं. काही पालक कडेला होते, हेमचंद्रही होते. मी सांगितलं की फायनलला मी नियम मोडला. ओवीला घेतलं नाही, कारण मला हरायची भीती वाटली. तिची काही चूक नव्हती, तिचा पाय दुखत नव्हता, काही नाही. मला जिंकायचं होतं आणि मी तिची पाळी खाल्ली. पुढच्या कुठल्याही मॅचला, फायनल असली तरी, असं होणार नाही, आणि झालं तर त्या दिवशी मी शिकवणं सोडेन. मग नूपुर म्हणाली, 'ओवी, पुढच्या मॅचला तू माझ्याआधी बॅटिंगला जा.' हेमचंद्र नंतर मला म्हणाले, की मुलींसमोर असं बोलून मी त्यांच्या विजयाची माती केली, आणि नव्या वर्षात नूपुरला दादरच्या संघात घालायचा ते विचार करणार आहेत. घालतील बहुतेक. तशी पिचर मला परत मिळायची नाही. मी त्यांना थांबवलं नाही. येत्या रविवारी माहीमच्या मुलींशी सराव सामना आहे. यादी मी लिहून टाकली आहे. ओवी, दुसरी आणि तिसरी इनिंग, राइट फील्ड. ती येईल की नाही, मला माहीत नाही. शर्ट मी तिच्यासमोर धरला, तो तिने घेतला. अंगात घातला नाही, दप्तरात ठेवला.

आता हे सगळं फोनवर न सांगता लिहून का पाठवलं, ते सांगते. त्या दिवशी सगळ्या गेल्यावर ओवी मागे थांबली. बॅटी पिशवीत भरता भरता म्हणाली, 'ताई, फायनलच्या दिवशी सकाळी आई माझी वेणी घालत होती. तेव्हा म्हणाली, आज खेळायला नाही मिळालं तर वाईट वाटून घेऊ नकोस. आईला आधी कसं कळलं?' मी म्हटलं, हे तू आईलाच विचार. ती म्हणाली, 'आज विचारू?' मी म्हटलं, थोडी थांब, आधी मला तिच्याशी बोलू दे. तिने मनाशी काहीतरी हिशेब केला आणि म्हणाली, 'शनिवारी शाळा नसते. शनिवारी विचारेन.' किर्ती, माझ्या वाट्याचं होतं ते मी तिला सांगितलं. तू माझ्या दारात आली होतीस, हे मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुझं आहे. पण तिने मला समोर उभं राहून पुन्हा विचारलं, तर मी आता तिच्याशी खोटं बोलू शकणार नाही. तिला अर्धं कळलंय, उरलेलं ती जुळवतेय, आणि ती किती नीट बघते ते मी तुला वर सांगितलंच आहे. आज बुधवार आहे गं. तिने विचारायच्या आधी तूच सांग.

तुझीच, कितीही फोन ठेवलेस तरी,
दीपी